डाव्या हाताची गाठ

धक्क्यावर तिला सगळे डावीमावशी म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट कुणी नुसतं ‘मावशी’ म्हणून हाक मारली तर ती मानसुद्धा वर करायची नाही. म्हणायची, "इथं मावशा ढिगानं पडल्यात. डावी एकच आहे." आणि ते खरंच होतं. बोटींची जाळी शिवणाऱ्या बायकांची धक्क्यावर एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिच्यात बारा-पंधरा जणी ओळीनं बसायच्या, बारा-पंधरा उजवे हात एका लयीत हलायचे, आणि टोकाच्या खिडकीपाशी एक डावा हात आपल्याच तालात चाललेला असायचा. तिच्याशेजारी बसायला कुणी तयार नसायचं, कारण दोघींची कोपरं एकमेकींवर आपटायची. म्हणून तिला कोपऱ्यातली खिडकी मिळाली. पुढची चाळीस वर्षं ती मात्र सांगत राहिली, "माझं काम बघून मला खिडकी दिलीय."

तिच्या आईनं तिला समोर बसवून जाळं विणायला शिकवलं, तिथं सगळा घोटाळा झाला. आई उजव्या हातानं सुई चालवायची आणि समोर बसलेली पोर, आरशात बघावं तसं, डाव्यानं. आईच्या हे लक्षात येईपर्यंत पोरीचा हात बसून गेला होता. आईनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आता काय, हात बदलून आणू?" तेव्हापासून सगळ्या धक्क्याच्या गाठींचा पीळ उजवीकडे आणि हिच्या गाठीचा डावीकडे. शिवाय हिची स्वतःची एक खोड होती. गाठ आवळून झाली की नायलॉनच्या दोऱ्याचं शेपूट दोनदा आत खोवायचं आणि काडी पेटवून टोक जरासं भाजून चपटं करायचं. ही गाठ मग काही केल्या सुटायची नाही. दातांनी ओढा, खिळा घालून उचकटा, उन्हात वाळवा, काय वाटेल ते करा. जाळं फाटायचं, पण गाठीजवळ नाही. गाठ आपली जिथल्या तिथं, जावयासारखी अडून बसलेली.

तिला त्या गाठीचा केवढा तोरा! शेडमध्ये नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात एक गाठ द्यायची आणि म्हणायची, "सोड बघू. सुटली तर आजचा चहा माझा." चाळीस वर्षांत तिनं कुणाला चहा पाजला नव्हता.

घरात दोघीच, ती आणि तिची सून. नवरा फार लवकर गेला. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातून दोनदा घरी टेकायचा. सून लिलावघरात मासळी तोलायला होती. तिथला वजनकाटा एखाद्या वेळी चुकेल, पण हिची जीभ चुकायची नाही. सासू-सुनेचं दिवसभर चालायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता भांडी फुटणार. पण सून कामावरून यायला उशीर झाला की सासू दारात उभी, आणि सासूची बोटं दोऱ्यानं कापली की सून रागं भरत भरत मलम लावायची.

घराबाहेरचं तिचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. दहा वर्षांनी लहान. हिनंच कडेवर घेऊन वाढवलेला, आणि आता मिशा राखलेला, पोट सुटलेला बोटमालक. त्याच्या बोटीची सगळी जाळी ताईच्या हातची. दुसऱ्या कुणाची गाठ तो बोटीवर चढू द्यायचा नाही.

तर अशी ही बाई एके दिवशी सगळ्यांसमोर आपणहून तोंडघशी पडली.

दोन वर्षांपासून एक कॅमेरावाली त्या बाजूला पाण्यात बुड्या मारत होती. काटकुळी, केस कापलेली, कायम नाक गळत असलेली मुलगी. समुद्राखालचं तिनं जे काही टिपलं, त्याचा माहितीपट तयार झाला, तेव्हा ती म्हणाली की तो पहिल्यांदा इथंच दाखवायचा. एका संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर लिलावघराची फरशी पाइपानं धुतली, भिंतीवर पांढरी ताडपत्री ताणून बांधली आणि अख्खा धक्का उलट्या क्रेटवर येऊन बसला. यायचं मुख्य कारण म्हणजे दुसरं काही करायला नव्हतं.

पण चित्र सुरू झालं आणि सगळे गपगार. जन्मभर समुद्रातून मासे काढलेली ही माणसं! मासा म्हणजे काय ते यांना कुणी सांगायला नको. आणि तरी मासा त्याच्या स्वतःच्या घरात कसा ऐटीत फिरतो हे एकानंही कधी पाहिलं नव्हतं. एका आठपायाच्या प्राण्यानं बघता बघता रंग बदलला आणि तो दगड झाला, तेव्हा मावशीचा भाऊ ओरडला, "अरे लबाडा! म्हणून सापडत नाहीस होय!" सगळे खो खो हसले. एक मासोळी आपल्या अंड्यांवर शेपटीनं वारा घालत होती, ते बघून सून म्हणाली, "आई, ही तुमच्यासारखीच आहे. घडीभर स्वस्थ बसवत नाही."

मग एक कासव आलं. चांगलं थोराड, पाठीवर शेवाळ धरलेलं. ते नुसतं आलं तरी बायका "अगं बाई, कित्ती शहाणं दिसतंय" म्हणाल्या. कासव एका जाळ्यापाशी गेलं. कॅमेरा जवळ, आणखी जवळ, अगदी दोऱ्याला चिकटला. आणि सबंध ताडपत्रीवर, बैलगाडीच्या चाकाएवढी, एक गाठ उभी राहिली.

पीळ डावीकडे. शेपूट दोनदा खोवलेलं. टोक भाजून चपटं.

मावशी ताडकन उभी राहिली. "अगं, ती गाठ माझी आहे! माझी! बघा, बघा, डावा पीळ बघा! एवढं शेवाळ चढलं, पण सुटलीय का? नाव नको!"

"मावशी, खाली बसा, मागं दिसत नाहीये," कुणीतरी म्हणालं.

ती खाली बसेना. हसत हसत मागं वळून सगळ्यांना गाठ दाखवत होती. म्हणून बाकीच्यांनी जे पाहिलं ते तिनं सगळ्यांत शेवटी पाहिलं. कॅमेरा मागे सरकला होता. गाठीच्या पलीकडे कासवाचा पुढचा पाय अडकला होता आणि ते सुटायला धडपडत होतं. जाळ्याच्या पोटात आणखी चार कासवं होती. ती धडपडत नव्हती. माहितीपटातला आवाज सांगत होता की हे जाळं कुठल्यातरी बोटीचं तीन वर्षांपूर्वी सुटलेलं आहे, ते कुजत नाही, नुसतं फिरत राहतं. एका पाणबुड्याचा हात आला. त्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. नाही सुटली. मग त्यानं चाकू काढला आणि आजूबाजूचे दोरे एकेक करून कापले. कासव सुटलं, पण पायाचं टोक जागच्या जागी राहिलं, आणि ते एका अंगाला कलत कलत दिसेनासं झालं.

मावशी तशीच उभी होती. मग सुनेनं तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.

घरी येताना भाऊ बरोबर होता. त्याला ते जाळं आठवत होतं. "तीन वर्षांमागच्या वादळातलं ते. मीच कापून सोडलं होतं, ताई. नसतं कापलं तर बोट उलटली असती."

"तू कापलंस ते बरोबर केलंस," मावशी म्हणाली. "पण माझी गाठ तिथं बसून तीन वर्षं काय करत होती ते पाहिलंस ना?"

"गाठीला काय कळतं?"

"गाठीला नाही. मला कळायला हवं होतं." एवढं बोलून ती झोपायला गेली. त्या रात्री सुनेनं जे जे टोमणे मारून पाहिले ते सगळे फुकट गेले.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली, खिडकीपाशी बसली, सुईत दोरा भरला, आणि हात चालेना. पीळ दिला की डोळ्यांपुढे तो पाय यायचा. शेडमधल्या बायका काही वाईट नव्हत्या. त्यांनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. "काय मावशी, सिनेमात काम केलंत, आता ओळख तरी देणार का?" एरवी तिनं असलं उत्तर दिलं असतं की बोलणारी आठवडाभर वर बघायची नाही. आता ती नुसतं "हं" म्हणाली. तेव्हा मात्र बायकांना भीती वाटली. तीन दिवस ती सुईत दोरा भरून बसायची आणि तसाच काढून ठेवायची. ज्या गाठीवर अख्खं आयुष्य टेकलं होतं तीच आता तिला घालता येत नव्हती, आणि दुसरं काही तिला जमत नव्हतं.

चौथ्या दिवशी कॅमेरावाली शेडच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा रडवेला. "मावशी, मला ठाऊक नव्हतं हो ती तुमची गाठ आहे ते. तुम्ही म्हणत असाल तर मी तो भाग काढून टाकते."

"खबरदार काढलास तर!" मावशी म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "असू दे. बघू दे सगळ्यांना. तू आधी नाक पूस आणि इथं बस. मला एक सांग. जाळ्यात शिरलं की कासव धडपडतं कुठं? पुढं की मागं?"

"वर," कॅमेरावाली म्हणाली. "त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. म्हणून ते सारखं वर ढकलत राहतं."

"आणि मासे?"

"मासे शक्यतो खाली आणि मागं दाबून राहतात."

मावशीनं खिडकीबाहेर बघितलं. मग तिनं सुई उचलली, समोरच्या जाळ्याच्या पोटावर वरच्या बाजूला टेकवली आणि म्हणाली, "म्हणजे दार इथं पाहिजे."

दाराची कल्पना सोपी होती. जाळ्याच्या पोटावर, वरच्या अंगाला, कासव मावेल एवढं भोक पाडायचं आणि त्यावर जाळ्याचाच एक पडदा टाकायचा. एक बाजू पक्की शिवायची, उरलेल्या बाजू हलक्या गाठींनी बांधायच्या. आतून जोर आला की गाठ सुटेल, कासव बाहेर पडेल, पाण्याच्या ओढीनं पडदा पुन्हा बसेल. आणि दोरा नायलॉनचा नाही, साधा सुती. म्हणजे उद्या जाळं हरवलंच तर काही दिवसांत दोरा कुजेल आणि दार आपोआप उघडं पडेल. फक्त दर महिन्याला दोरा नव्यानं बांधायचा.

सोपं होतं ते सांगायला. करताना मावशीच्या नाकी नऊ आले. चाळीस वर्षं जिचा हात गाठ न सुटण्यासाठी झिजला, तिला आता सुटणारी गाठ घालायची होती, आणि तीही शहाणी. माशांच्या रेट्यानं सुटता कामा नये, कासवाच्या सुटलीच पाहिजे. तिचा हात ऐकेना. सवयीनं शेपूट दोनदा आत खोवलं जायचं, आणि मग ती स्वतःच्याच हातावर चापट मारायची. "गप रे! तुला कोण विचारतंय!"

कासव कुठून आणायचं हाही प्रश्न होता. तो सुनेनं सोडवला. घरातला कपडे धुवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब तिनं ओल्या वाळूनं भरला, वर फळकूट ठोकून बंद केला आणि शेडमध्ये आणून आदळला. "हे घ्या आई, तुमचं कासव. आता कपडे कशात धुवायचे ते तुम्हीच सांगा." त्या टबचं नाव कासवराव पडलं. शेडच्या वाशाला जाळं उलटं टांगायचं, दार खाली येईल असं, आणि कासवरावांना आत सोडायचं. पहिल्या दिवशी गाठी सुटल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढ्या पटकन सुटल्या की कासवराव थेट मावशीच्या भावाच्या पायावर. तो एका पायावर नाचत ओरडला, "ताई, अगं कासवं वाचवताना माणसं मारशील!" सगळी शेड हसून लोळली, आणि मावशीसुद्धा. त्या दिवशी घरी जाताना ती सुनेला म्हणाली, "तो लहानपणीही असाच नाचायचा."

पण बोटीवर दार लावायची वेळ आली तेव्हा भाऊ हसेना. "ताई, तुझा मान राखतो मी. पण सगळ्या बोटी माझ्याकडे बघताहेत. जाळ्याला भोक पाडून कुणी समुद्रात जातं का? आणि वर कुजका दोरा!"

"कुजका नाही. कुजणारा."

"तेच ते. तीन खेपा देतो. तिसऱ्या खेपेपर्यंत दारातून मासळी जायची थांबली नाही, तर मी तुझं दार शिवून टाकीन. आणि तुझ्याच पक्क्या गाठीनं शिवीन. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली. "आणि माझी गाठ तू कशाला घालतोस? हरले तर मीच घालीन. तुला येत तरी आहे का ती?"

कॅमेरावालीनं दाराजवळ आतल्या बाजूला एक छोटा कॅमेरा बांधून दिला, मुठीएवढा, पाण्यात चालणारा.

पहिली खेप पार फसली. जाळं पाण्यात सोडताच पाण्याच्या तडाख्यानंच सगळ्या गाठी सुटल्या, पडदा उलटा फिरला आणि भोक उघडंच राहिलं. बोट जवळजवळ रिकामी परत आली. बोटीवरच्या माणसांनी मावशीच्या नावानं बोटं मोडली, आणि शेजारच्या बोटमालकानं विचारलं, "काय, दार लावलंत, आता पडदेही लावणार का?" भाऊ नुसती मिशी चावत राहिला. मावशीनं गाठीचा पीळ एकानं वाढवला.

दुसऱ्या खेपेला जाळं भरून आलं आणि दार बंद. भाऊ खूश. "बघ, काही बिघडलं नाही."

"काही झालंही नाही," मावशी म्हणाली. कुठलं कासव आलंच नव्हतं. तिला रात्री झोप लागली नाही, हे सुनेनं भिंतीपलीकडून ऐकलं. सकाळी सून चहा देताना म्हणाली, "सुटणारी गाठ घालता ना, मग आधी स्वतःच्या कपाळावरची सोडा."

तिसऱ्या खेपेची बोट दुपारी धक्क्याला लागली. मावशी सुई टाकून धावत गेली. भाऊ उतरला तो मान खाली घालून. मागून जाळं उतरवलं. मासळी बरी होती, फार नाही. आणि दार सताड उघडं. एकूण एक गाठ सुटलेली, पडदा लोंबतोय.

"नाही जमलं, ताई," भाऊ म्हणाला. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. "पाण्याच्या ओढीनंच उघडलं असणार. एरवी आणखी मासळी असती. मी सांगितलं होतं तुला."

मावशीनं सुटलेले दोरे हातात घेऊन पाहिले. सुटले कशानं हे दोरे थोडेच सांगणार? या दाराच्या आधी चाळीस वर्षांत तिच्या हातची गाठ सुटून परत आली नव्हती, आणि आता तीच सुटलेली गाठ तिनं छातीशी धरली होती. "आण सुई," ती हळूच म्हणाली. "बोलले तसं करते. शिवते."

"थांबा हो मावशी!" कॅमेरावाली ओरडत आली. "कॅमेरा उघडेपर्यंत तरी थांबा! संध्याकाळी बघू आणि मग शिवा!"

तर पुन्हा लिलावघर, पुन्हा ताडपत्री, पुन्हा उलटे क्रेट. आमंत्रण कुणालाच नव्हतं आणि आले सगळे. मावशीला यायचं नव्हतं. सुनेनं तिला दंडाला धरून आणलं आणि बजावलं, "काहीही दिसलं तरी उठायचं नाही. तोंडावर हात ठेवून बसा." मावशीनं खरोखरच तोंडावर हात ठेवला. डावा.

बराच वेळ ताडपत्रीवर नुसतं हिरवं पाणी होतं, त्यात धूळ आणि मासे. मासे खाली, मागं दाबून. दार बंद. गाठी जागच्या जागी. लोक चुळबुळायला लागले. भाऊ घसा खाकरून म्हणाला, "आता लवकरच उघडेल बघा, आपोआप."

नाही उघडलं. पाणी ओढत होतं, मासे रेटत होते, आणि सुती गाठी धरून होत्या.

मग खालच्या अंधारातून एक गोल सावली वर आली. पाठ दिसली, मग डोकं. हे मागचंच कासव होतं असं सांगितलं तर गोष्ट जास्त गोड होईल, पण ते तसं नव्हतं. याचे चारही पाय धड होते. त्यानं दारावर डोकं टेकवलं. ढकललं. पुन्हा ढकललं. मावशीच्या बोटांची नखं तिच्या गालात रुतली. एक गाठ सुटली. शेजारची सुटली. मग एकेक करत सगळी ओळ उसवत गेली, आणि कासव पडदा खांद्यानं बाजूला सारून, घरातून बाहेर पडावं इतक्या शांतपणे, वर निघून गेलं. कुठं अडकलं नाही, कुठं खरचटलं नाही. मागोमाग पाच-सहा मासेही निघाले तेव्हा भावाच्या तोंडून आपसूक "अरेरे" आलं. पण पडदा पाण्याच्या ओढीनं खाली आला आणि भोकावर चपखल बसला. बाकीचे मासे होते तिथंच राहिले. म्हणजे पडदा लोंबायला लागला तो जाळं वर ओढल्यावर.

मावशीचा हात तोंडावरच होता, पण त्यावरून पाणी ओघळत होतं. सुनेनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला काही टोमणा सुचला नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक क्रेट धाडकन पडला. मिशीवाला, पोट सुटलेला बोटमालक हात वर करून उभा होता आणि शेजारच्या बोटमालकाकडे बघून, लहान मुलासारखा, घसा फोडून ओरडत होता, "पाहिलंत? ती गाठ माझ्या ताईची आहे! डावा पीळ बघा! कशी सुटली, पाहिलंत? ती गाठ माझ्या ताईची आहे!"

मावशीनं तोंडावरचा हात काढला.

"अरे, खाली बस," ती म्हणाली. "मागं दिसत नाहीये."